भावोजींनी लावलेले दोन बोर्ड

त्या दिवशी सकाळी नऊला भावोजींनी बिल्डिंगच्या लिफ्टला बोर्ड लावला आणि दुपारी साडेतीनला ते गेले. ब्रेक कुरकुरत होता म्हणून लावला, दुसरं काही नाही. एकतीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करण्यात गेली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी राहत्या बिल्डिंगची लिफ्ट कुरकुरते म्हणजे त्यांना ती स्वतःची बेअब्रू वाटायची. खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना म्हणाले, "संध्याकाळी आत उतरून बघतो. तोवर सगळ्यांनी जरा पायांना कामाला लावा."

अकराच्या सुमाराला कुरियरवाला चार मजले चढून धापा टाकत आला. लेकीने पाकीट पाठवलं होतं. आत टीव्हीवर खेळायच्या त्यांच्या जुन्या खेळाचा सातवा भाग. भावोजींनी ते उलटंपालटं करून बघितलं, कागद काही फाडला नाही. टीव्हीच्या कपाटावर ठेवून दिलं. त्याच कपाटात खाली खेळाचं यंत्र, आणि त्या यंत्रावर चार वर्षांपासून लटकलेला तसलाच एक बोर्ड. पिवळा पत्रा, लाल अक्षरं. "बंद आहे. काम चालू. हात लावू नये." आणि खाली बोर्ड लावणाऱ्याचं नाव. भावोजींचंच.

"संध्याकाळी दोन्ही बोर्ड काढतो," ते ताईला म्हणाले. "आधी खालचा, मग हा. चहा जास्तीचा टाक."

ताई म्हणाली, "चार वर्षं तोंड फिरवून बसला होतात, आणि एका पाकिटाला पाघळलात?"

"पाघळतोय कशाला? तपासणीला चाललोय."

हे त्यांचं शेवटचं धड वाक्य. जेवले, खुर्चीत टेकले, घोरायला लागले. ताई बाजूला कपडे घड्या घालत होती. साडेतीनला घोरणं थांबलं म्हणून तिने वळून बघितलं. पस्तीस वर्षं त्या घोरण्याला शिव्या घातल्या तिने. त्या दिवशी कळलं की घोरत होते तोवर बरं होतं.

ॲम्ब्युलन्सवाली दोन माणसं आली ती आधीच घामाघूम. एकाने विचारलं, "बाई, लिफ्टला काय झालंय?"

ताई म्हणाली, "बंद आहे."

"कोणी बंद केली?"

ताईने खुर्चीकडे बोट दाखवलं.

भावोजी ब्याऐंशी किलोचे. लिफ्टच्या हिशोबात एक माणूस अडुसष्ट किलोचा धरतात, म्हणून भावोजी स्वतःला सव्वा माणूस म्हणवायचे. ताई चौपन्न किलोची, म्हणजे पाऊण. "दोघं मिळून बरोबर दोन," हे ते कुठल्याही लग्नात, बारशात, अनोळखी माणसाला धरूनसुद्धा सांगायचे. तर हा सव्वा माणूस खुर्चीला बांधून त्या दोघांनी बहात्तर पायऱ्या उतरवला. दुसऱ्या मजल्यावर टेकले तेव्हा एक जण जाळीच्या दाराकडे बघून म्हणाला, "बोर्ड काढून चालू करून बघू का?"

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली. तेव्हासुद्धा. नवरा खुर्चीत मान टाकून बसलेला, हिच्या पायात दोन वेगळ्या चपला, आणि ही बाई बोर्ड राखत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हे घरीच झालं होतं, लिफ्ट असती तरी काही फरक नव्हता. ताईला ते तिथल्या तिथे पटलं. सेक्रेटरींना पटायला बरेच दिवस लागले.

त्या बोर्डाचं काय ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर ताई वेडी वाटेल.

भावोजी नवीन होते कामाला तेव्हाची गोष्ट. एका दुकानाच्या लिफ्टवर काम चाललं होतं. भावोजी केबिनच्या टपावर, डोळ्यापुढे दोर, हातात ग्रीसचा डबा. दुकानदाराला माल वर न्यायची घाई. त्याने बोर्ड काढला, बाजूला ठेवला, बटण दाबलं. टप दीड मजला वर गेला. भावोजी आडवे पडले म्हणून वाचले, पण डाव्या करंगळीचं पेर गेलं. दुकानदार म्हणाला, "मला वाटलं आत कोणी नाही." तेव्हापासून त्यांच्या टोळीत नियम झाला, ज्याने बोर्ड लावला त्यानेच काढायचा. साहेब येऊ दे, मंत्री येऊ दे. लावणारा आजारी पडला, गावाला गेला, तर टोळीतल्या माणसाने यायचं. एकाने खाली उभं राहायचं, दुसऱ्या कोणीतरी वर. दोघांनी लावणाऱ्याला तीन तीन हाका मारायच्या. उत्तर आलं नाही की वरच्याने म्हणायचं, "वर कोणी नाही", खालच्याने म्हणायचं, "खाली कोणी नाही", आणि मगच बोर्डाला हात. तो उतरवलेला बोर्ड मग पुढे ज्याची जबाबदारी त्याच्या हातात द्यायचा. उद्या भावोजी समोर उभे राहून म्हणाले असते की सूर्याला बोर्ड लावलाय, तर ताईने खिडकीचा पडदा ओढून घेतला असता.

आणि दुसरा बोर्ड? तो खेळाचा.

लेक दहा वर्षांची होती तेव्हा तिच्यासाठी यंत्र आणलं आणि त्याबरोबर हा खेळ. आकाशातल्या यानांचा. त्याचं नाव परक्या भाषेतलं, लांबलचक, घरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे नुसतं "यान" म्हणायचे. लेक दोन दिवसांत कंटाळली. भावोजी एकदा सहज मागे उभे राहून बघत होते, आणि पडद्यावर लिफ्ट आली.

साधीसुधी नाही. जमिनीवरून निघून थेट आभाळाच्या वर, यानांच्या स्टेशनपर्यंत जाणारी. चार मिनिटं लागायची. काही करायचं नसायचं त्यात, नुसतं केबिनमध्ये उभं राहायचं आणि खिडकीतून बघायचं. लेक म्हणायची, "काय बोअर आहे!" भावोजी मात्र खाली बसले. दोर बघितले. दाराची फट बघितली. आणि बरोबर दोन मिनिटांनी, बरोबर अर्ध्यावर, खिडकीबाहेरून एक काळा ठोकळा वरून खाली सरकत गेला.

भावोजी ओरडले, "अगं वजन! वजन आलं!"

ताई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं वजनकाटा आला.

आता लिफ्टचं असं असतं की एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांचं वजन. केबिन वर तर वजन खाली. दोघांची गाठ रोज पडते, पण अर्ध्यावर, आणि ती पण जाता जाता. बसणाऱ्याला हे दिसत नाही, कोणी सांगत नाही. आणि त्या खेळ बनवणाऱ्यांनी ते करून ठेवलं होतं, कोणी बघणार नाही हे माहीत असताना. भावोजी म्हणाले, "ह्या लोकांत एक तरी आपला माणूस आहे." तिथून पुढे बारा वर्षं ते त्या खेळाचे भक्त.

ताई तेव्हा दवाखान्याच्या धुलाईखात्यात सकाळच्या पाळीला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे कपडे, सगळ्याच्या घड्या. भावोजी दुपारच्या पाळीला. ही येणार तेव्हा हे निघणार, गाठ जिन्यात. "पिशवीत डबा आहे", "गॅस संपत आलाय", एवढाच संसार. भावोजी म्हणायचे, "आपण पण केबिन आणि वजनच गं." सुट्टीच्या दिवशी मात्र दोघं यानावर बसायचे. दुसऱ्या भागात दोघांनी खेळायची सोय आली तेव्हा भावोजींनी ताईच्या हातात दुसरं कंट्रोल दिलं. वर स्टेशनवर हिरव्या रंगाची जनावरं अंगावर यायची, बंदुका चालायच्या. ताई म्हणाली, "मी इथेच थांबते लिफ्टमध्ये. तुम्ही जाऊन या."

आणि खरंच थांबायची. भावोजी बाहेर जाऊन मारामारी करून यायचे, आणि ही केबिनमध्ये एका बोटाने दाराचं बटण दाबून उभी. एकदा भावोजी अर्धमेले होऊन पळत आले, मागे सहा जनावरं. ओरडले, "दार लाव, दार लाव!" ताई म्हणाली, "आधी पाय पुसा." पडद्यावरच्या माणसाला!

खाली उतरताना मात्र तिला एक काम असायचं. दोन मिनिटं झाली, वजन दिसलं की "आलं" म्हणायचं. भावोजींची नजर दोरावर, हिची खिडकीवर. चहाचा कप अर्धा झाला की वजन यायचं, इतकं तिचं बसलं होतं. घड्याळ नको, काही नको.

मग खेळ बिघडायला लागला. एका झटक्यात नाही, दात किडतो तसा.

तिसऱ्या भागात लिफ्ट दोन मिनिटांची झाली आणि आत गाणं लागलं. भावोजी म्हणाले, "हॉटेल केलं." तरी वजन होतं, म्हणून गप्प बसले. चौथ्यात बटण दाबलं की पडदा काळा, एक चक्र गरगर फिरणार, आणि आपण वर. भावोजी लेकीला फोन करून विचारायला लागले, "मधल्या वेळात प्रवासी बेशुद्ध असतो असं धरायचं का?" पाचव्यात लिफ्टच नाही, नकाशावर बोट ठेवा आणि पोचा. वर दोघांनी खेळायची सोय पण काढून टाकली. ताईचं कंट्रोल ड्रॉवरमध्ये गेलं. भावोजी एकटेच बसायचे, जायचे, यायचे, पण दार धरायला कोणी नाही. "ह्यात मजा नाही," म्हणायचे. ताई म्हणायची, "जनावरं तर आहेत ना?" "जनावरं काय, ऑफिसात पण आहेत."

लेकीने त्यांना कॉम्प्युटरवर दाखवलं की जगभरातले हजारो लोक ह्या खेळावर चिडलेत. भावोजींना जरा धीर आला. चष्मा लावून वाचायला बसले. कोणी नायकाच्या केसांवर चिडलेला, कोणी बंदुकीच्या आवाजावर, कोणी शेवट आवडला नाही म्हणून. लिफ्टबद्दल चकार शब्द नाही. भावोजींनी लेकीकडून तिथे एक ओळ लिहून घेतली, "वजन कुठे गेलं?" आठवडाभर काही नाही. मग कुठल्यातरी लांबच्या देशातून एकाने लिहिलं, "मी पण बघायचो ते. मी लिफ्टचं काम करतो." भावोजी ते उत्तर कागदावर छापून घेऊन टोळीत फिरले. "जगात आम्ही दोघं आहोत," म्हणायचे, सोन्याची खाण सापडल्यासारखे.

आणि सहावा भाग. त्यात लिफ्ट होती! लांबून दिसली तेव्हा भावोजींनी ताईला हाक मारून बोलावलं, ड्रॉवरमधलं कंट्रोल काढायला लावलं. जवळ गेले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. डावीकडून गेले, उजवीकडून गेले, उडी मारून बघितली. अर्धा तास. शेवटी कळलं, दार नव्हतंच ते. भिंतीवर दाराचं चित्र काढलेलं होतं.

भावोजी उठले. ओरडले नाहीत, हेच वाईट. कपाटातून तपासणीचा छापील फॉर्म काढला आणि भरायला घेतला. ताईला तो तोंडपाठ आहे. "केबिन: नाही. दोर: नाही. वजन: नाही. दार: चित्र. शेरा: प्रवाशांनी जिन्याने जावे." सही, तारीख. लेकीने त्याचं भाषांतर करून कंपनीला पाठवलं. उत्तर आलं, "आमच्या विश्वाचा भाग असल्याबद्दल मनापासून आभार."

भावोजी म्हणाले, "विश्वाचा भाग मी आहेच. त्यात ह्यांनी काय केलं?"

मग त्यांनी बोर्ड आणला, यंत्रावर लटकवला, खाली नाव लिहिलं आणि चार वर्षं तिकडे बघितलं नाही. धूळ पुसायची तरी ताई बोर्डाच्या कडेकडेने पुसायची. मध्ये लेकीने सांगितलं की "वजन कुठे गेलं" हे वाक्य लोकांनी उचललंय, थट्टेने का होईना, हजारो लोक लिहितात. आणि ह्या वर्षी कंपनीने जाहिरात केली की सातव्या भागात लिफ्ट परत आली आहे, अगदी पहिल्या भागासारखी, तुम्ही मागितली, आम्ही ऐकलं. भावोजींनी ती जाहिरात तीनदा बघितली आणि म्हणाले, "ऐकलं म्हणतात. बघू."

ते बघायचं राहून गेलं. संध्याकाळी सहाला चहा आणि तपासणी, आणि माणूस साडेतीनला गेला. ताईला रडू यायचं ते ह्याच्यावर यायचं. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, "झोपेत गेले, भाग्याचं मरण." ती म्हणायची, "वजन बघितलं नाही हो त्यांनी." लोक मान हलवायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांना विचारायचे, कसलं वजन? एका मावशींनी तर निघताना ताईचा हात धरून सांगितलं, "मनाला लावून घेऊ नकोस, ब्याऐंशी काही फार नाही."

लेक आली होती राहायला. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, आपणच बघू या ना बाबांसाठी. मी लावते."

"बोर्ड आहे."

"पत्रा आहे तो! मी नुसता उचलते..."

"हात लावू नकोस. तुझ्या बापाने लावलाय, त्यांच्या टोळीतलं कोणी येईल."

टोळीत आता उरलेत कोण? भावोजींचा जोडीदार एकटा. तो बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून त्याला सगळे बिनब्रेक म्हणतात, आणि तो लिफ्टचे ब्रेक दुरुस्त करण्यातच हुशार. भावोजींना तो उस्ताद म्हणायचा. पोचवायला परस्पर स्मशानातच आला, आणि दुसऱ्या दिवशी कामाला बाहेरगावी गेला तो आठवड्याने येणार होता.

तोवर बिल्डिंगचे हाल. पहिले तीन दिवस सगळे माना खाली घालून जिना चढले. चौथ्या दिवशी कुरबुर सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून बादली सोडून भाजी वर ओढायला लागल्या. पाचव्या दिवशी सेक्रेटरी वर आले, धापा टाकत, आणि दम खायलाच त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"वहिनी, दुःखाची वेळ आहे, मी समजू शकतो. पण बहात्तर पायऱ्या आहेत."

"मला माहीत आहेत. मी पण चढते."

"दुसरा मेकॅनिक बोलावतो. तो बोर्ड नुसता बाजूला..."

"तो बोर्ड बाजूला केलात तर मी तुमच्या दारात सतरंजी टाकून बसेन. आणि मला काय, घड्या घालायला कुठेही बसलं तरी चालतं."

सेक्रेटरी म्हणाले, "पण वहिनी, आत तर कोणी नाहीये ना!"

"तो दुकानदार पण हेच म्हणाला होता," ताई म्हणाली. सेक्रेटरींना कुठला दुकानदार ते कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून ते उठले आणि एकेक पायरी मोजत खाली गेले.

आठव्या दिवशी सकाळी बिनब्रेक आला. हत्यारांची पिशवी खांद्याला. जिन्यातूनच ओरडत आला, "वहिनी, मला कळलं असतं तर गाडीतून उडी मारून आलो असतो, आठ दिवस बोर्ड लटकलाय, लोकांनी मला तोंडावर..." मग चौथ्या मजल्यावर पोचला, भावोजींची खुर्ची बघितली, आणि पिशवी खाली ठेवली.

रीतीप्रमाणे सगळं केलं. बिनब्रेक तळमजल्यावर, ताई चौथ्यावर, जाळीच्या दाराला तोंड लावून. खाली बिनब्रेकने हाक मारली, "उस्ताद!" ती पोकळीतून वर आली. मग ताईची पाळी. तिने आयुष्यात नवऱ्याला ज्या हाकेने बोलावलं तीच तिला येत होती. तिने जाळीतून जोरात हाक मारली, "अहोऽ!"

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. एक नवरा डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय गं?" दुसऱ्यावर दोघं बाहेर आले. पहिल्या मजल्यावरचे काका तोंडाला साबणाचा फेस घेऊन, टॉवेलात, "आलो, आलो!" करत. तळमजल्यावर सेक्रेटरी स्वतः, आणि त्यांच्या मागून त्यांची बायको, "तुम्हाला नाही बोलावलं, आत या." तीन हाकांना तीन वेळा दारं उघडली. लेक भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. ताई पण हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. हसता हसताच म्हणाली, "वर कोणी नाही!" खालून आवाज आला, "खाली कोणी नाही!"

बिनब्रेकने उस्तादांचा बोर्ड उतरवून स्वतःचा लावला, दीड तास आत काम केलं, ब्रेकची पट्टी बदलली, आपला बोर्ड काढला. मग लिफ्टने वर आला. आवाज नाही, काही नाही. भावोजींचा बोर्ड फडक्याने पुसून त्याने ताईच्या हातात दिला.

ताई म्हणाली, "अजून एक आहे. आत, टीव्हीपाशी."

दुसरा कोणी असता तर हसला असता. बिनब्रेकने आत जाऊन यंत्राकडे बघितलं, बोर्डावरचं नाव वाचलं, चपला काढल्या आणि कपाटासमोर गुडघ्यावर बसला. "वहिनी, तुम्ही सोफ्यावर बसा. तेच वर समजू."

त्याने हळू आवाजात हाक मारली, "उस्ताद." तीनदा. ताईने मारली. ह्या वेळी कुठलं दार उघडलं नाही. भावोजींची खुर्ची तिथेच शेजारी होती, पाठीवर त्यांचा टॉवेल.

आता तिने म्हणायचं होतं. ती काही म्हणेना.

लेक म्हणाली, "आई..." बिनब्रेकने हात वर करून तिला थांबवलं. तो माणूस, ज्याला आयुष्यात कोणी गप्प बसवू शकलं नाही, तो गुडघ्यावर बसून वाट बघत राहिला. घाई नाही. लिफ्टच्या कामात घाई करणाऱ्याची करंगळी जाते.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "नाहीत इथे."

"खाली पण नाहीत," बिनब्रेक म्हणाला, आणि बोर्ड उतरवला.

मग चहा टाकला, जास्तीचा. लेकीने पाकीट फोडलं, कंट्रोल हातात घेतलं. बिनब्रेक हाताची घडी घालून मागे उभा, तपासणीला उभे राहतात तसा. सातव्या भागात दोघांची सोय काही परत आली नव्हती, म्हणून ताई नुसती कप घेऊन बसली. पण लिफ्ट होती. खरी. बटण दाबल्यावर दार उघडलं. केबिन तीच, खिडकी तीच, दोर तेच. गाणं नाही. बिनब्रेकचा श्वास ऐकू येत होता. लेकीने बटण दाबलं आणि लिफ्ट सुटली. जमीन खाली जायला लागली, ढग आले, गेले.

ताईने कपाकडे बघितलं. अर्धा झाला. तिने खिडकीकडे बघितलं.

काळा ठोकळा आला. तिच्या ओठांवर "आलं" आलंच होतं. पण तो वरून खाली गेला नाही. तो खालून आला. आणि केबिनच्या बाजूबाजूने, त्याच वेगाने, मजेत वर यायला लागला.

ठोकळा आपला खिडकीत उभा, सोबतीला.

"वहिनी," बिनब्रेक म्हणाला, "हा आपल्याबरोबर वर चाललाय."

"दिसतंय मला."

"नाही पण, म्हणजे, दोघं पण वर, तर मग खाली कोण जातंय? ह्यांना ओढतंय कोण? वहिनी, हे... उस्तादांनी हे..." आणि तो हसायला लागला. हसत हसत जमिनीवर बसला, डोळ्यांतून पाणी, नाक वाहतंय. "बरं झालं हो उस्ताद नाहीत! त्यांनी हे बघितलं असतं तर त्या कंपनीत चालत गेले असते!"

लेक म्हणाली, "आई, निदान वजन दाखवलं तरी. एवढी माणसं मागत होती म्हणून घातलंय त्यांनी."

"दाखवलं म्हणून काय झालं?" ताई म्हणाली. "तराजूची दोन्ही पारडी एकदम वर गेली तर त्याला तराजू म्हणायचं का? फॉर्म काढ."

"कुठला फॉर्म?"

"बापाच्या कपाटात आहे. लिही. केबिन: आहे. दोर: आहे. दार: उघडतं, हे चांगलं लिही, जे बरं आहे ते बरं म्हणायचं. वजन: आहे, पण अडाणी आहे."

"आई, अडाणी असं नाही लिहीत."

"मग उलट लिही. शेरा तोच."

लेकीने लिहिलं, प्रवाशांनी जिन्याने जावे. "सही कोणाची?"

"माझी. बघितलं कोणी? मी." ताईने चादरींच्या हिशोबाला करायची तशी गोल, जाड सही केली. मग बिनब्रेककडे हात पुढे केला, "बोर्ड द्या."

बिनब्रेक नाक पुसत उठला आणि यंत्रावरचा बोर्ड तिच्या हातात दिला, दोन्ही हातांनी. ताईने भावोजींचं नाव पुसलं नाही. त्याच्या खाली मार्करने आपलं लिहिलं, आणि पत्रा होता तिथे लटकवून दिला.

लेक म्हणाली, "आता हा तू काढेपर्यंत असाच?"

"आठवा भाग येऊ दे. बघू."

बिनब्रेक निघाला. ताई पोचवायला दाराबाहेर आली. तो हत्यारांची पिशवी घेऊन केबिनमध्ये शिरला, जाळीचं दार ओढलं, बोलतच होता, "वहिनी, पट्टी नवीन आहे, महिन्याभराने पुन्हा येऊन बघतो, आणि त्या कंपनीला लिहा की..." केबिन खाली गेली तसं त्याचं बोलणं पण खाली गेलं.

ताई जाळीला टेकून वाकून बघत राहिली. केबिनचा टप खाली खाली जात होता. दुसऱ्या मजल्यापाशी अंधारातून वजन निघालं, केबिनच्या अंगावरून गेलं आणि सावकाश तिच्याकडे वर यायला लागलं.

"आलं," ती म्हणाली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्याने वर येत होत्या, बादली हातात. थांबून म्हणाल्या, "काय आलं हो?"

"वजन," ताई म्हणाली. "लिफ्ट चालू झालीये. बादली ठेवून द्या आता."